खाडीकाठच्या गणपतीच्या शाळेत स्थानिक माती : मे ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

४ मे २०२५

कर्ली खाडीच्या काठावरील आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचा कारखाना, आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, आयुष्यभर चालवत आले आहेत. अलीकडे तिथे शाडूच्या मूर्तींबरोबर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या तयार मूर्तीही आणून रंगवल्या जात. प्लास्टरच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना काटेकोरपणे पाळाव्यात, असे मुंबई उच्च न्यायालयाने यंदा जानेवारीत बजावल्यानंतर प्लास्टर पूर्णपणे बंद करायचे असे घरात ठरले. शाडू गुजरातेतून येतो आणि मालवण तालुक्यात पोचेपर्यंत गोणी चारशे रुपयांवर जाते. आप्पांच्या वडिलांच्या काळात मात्र सगळ्या मूर्ती इथल्याच शेतातील चिकणमातीच्या होत असत. म्हणून यंदाच्या सव्वाशे मूर्तींपैकी निम्म्या स्थानिक मातीच्या करण्याचे ठरवून कामाला हात घातला आहे. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या ज्या शाळांना हाच प्रयत्न करायचा असेल, त्यांना उपयोग व्हावा एवढ्यासाठी या नोंदी ठेवीत आहे.

आज खाडीलगतच्या कुणग्यातून, म्हणजे भातशेतीच्या तुकड्यातून, माती काढली. वरचा हातभर थर बाजूला सारून खालची निळसर, बोटांना चिकटणारी माती घेतली. हा कुणगा निवडण्याचे कारण एवढेच, की त्याच्या बांधापर्यंत टेंपो जातो.

१४ मे

त्या मातीच्या तळहाताएवढ्या वड्या आणि वीतभर उंचीच्या दोन मूर्ती नमुन्यादाखल करून उन्हात ठेवल्या होत्या. माती हाताला उत्तम लागली. ती ताणली जाते, बोटाचा ठसा स्वच्छ उमटतो आणि सुकल्यावर तिला तडेही फारसे गेले नाहीत. परंतु तिसऱ्या दिवसापासून मूर्तीच्या कानांच्या कडा पांढुरक्या दिसू लागल्या आणि आज पाहतो तो कानांच्या पाळ्यांवर, बोटांच्या टोकांवर आणि आसनाच्या काठावर पिठासारखा लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, फुटला आहे. पोट, पाठ आणि मांड्या मात्र स्वच्छ आहेत. जिथे कड पातळ आहे आणि वारा जास्त लागतो तिथे ओल सर्वांत जलद उडते, आणि आतले मीठही ओलीबरोबर तिथेच येऊन साचते. बोटाने लोणा पुसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. अशा पृष्ठभागावर रंग दिला तर तो चतुर्थीपर्यंत पापुद्र्यासारखा सुटेल, यात शंका नाही.

आप्पांनी ढेकळाचा कण जिभेवर ठेवून माती खारी असल्याचे सांगितले. भरतीचे पाणी पूर्वी या कुणग्यात शिरत असे. बांध घातल्यानंतरही जमिनीतला खार गेलेला नाही. टेंपोभाडे आणि मजुरी मिळून साडेतीन हजार रुपये या मातीवर गेले आहेत. जिभेची परीक्षा आणि उन्हात वाळवलेली एक वडी एवढ्याने हा खर्च टळला असता. कोठलीही माती गाडीत भरण्यापूर्वी हे दोन्ही करून घ्यावे.

१९ मे

माती टाकून देण्याऐवजी धुऊन पाहण्याचा विचार केला. पिंपात माती भिजवून, ढवळून, वर आलेले पाणी ओतून द्यायचे आणि पुन्हा नवे पाणी घालायचे, अशी ही सरळ रीत आहे. तिचा काहीच उपयोग झाला नाही, आणि कारण नंतर लक्षात आले. आमच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात मचूळ होते. पिण्यासाठी आम्ही ते वापरत नाही. खारट माती मचूळ पाण्याने धुण्यात पाणी आणि श्रम दोन्ही वाया गेले.

दरम्यान आप्पांनी सांगितलेला, खाडीच्या वरच्या अंगाचा मळा पाहून आलो. तिथे भरती पोचत नाही. माती तांबूस आहे, थोडी रेती आहे, पण जिभेला मीठ लागत नाही. शेतमालकाने दोन हजार रुपये आणि खड्डा पुन्हा भरून देण्याची अट घातली, ती मान्य केली. एका टेंपोची माती आज आणली आणि उरलेली पुढच्या आठवड्यात आणायची आहे.

२७ मे

पुढचा आठवडा मिळालाच नाही. वीस तारखेच्या सुमारास सुरू झालेला पाऊस थांबला नाही आणि २५ मे रोजी मान्सून देवगडपर्यंत येऊन ठेपल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उघडीप धरून आम्ही माती वाळवतो, कुटतो आणि चाळतो. यंदा मळ्यात पाणी साचले आहे आणि आणलेली माती मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या कामाच्या खोपटात, ओल्या ढिगाच्या रूपात पडली आहे. ओली माती कुटता येत नाही आणि चाळणीतूनही जात नाही.

तेव्हा कोरडी रीत सोडून ओली रीत धरली. ढेकळे पिंपात भिजवायची, पातळ रबडी करायची, ती आधी बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जुन्या जाळ्यातून आणि मग सुती कापडातून गाळायची, खाली बसू द्यायची आणि वरचे पाणी काढून उरलेला गाळ गोणपाटात बांधून टांगायचा. रेती आणि मुळे यांतून चाळणीपेक्षा अधिक स्वच्छ निघतात. वेळ मात्र फार लागतो. टांगलेले गाठोडे मळण्याजोगे घट्ट व्हायला या हवेत आठ ते दहा दिवस लागतील असे दिसते.

५ जून

या अवकाळी पावसाने एक गोष्ट दिली, ती म्हणजे गोडे पाणी. मांगराच्या पन्हळीखाली पिंपे लावली आणि पहिल्या, खारट मातीची धुलाई नव्याने सुरू केली. एक खूण इथे नोंदवून ठेवतो. पहिल्या धुण्याच्या वेळी माती रातोरात तळाला बसली आणि वरचे पाणी नितळ झाले. दुसऱ्या वेळी त्याला दीड दिवस लागला. तिसऱ्या वेळी तीन दिवस झाले तरी पाणी गढूळच आहे. सुरुवातीला वाटले की काहीतरी बिघडले, परंतु त्या मातीची वडी चुलीच्या उबेला वाळवली तेव्हा तिच्या कडा स्वच्छ राहिल्या. खार असताना माती चटकन बसते आणि खार गेला की पाण्यात तरंगत राहते. त्यामुळे पाणी नितळायला वेळ लागू लागला, म्हणजे माती गोडी झाली असे समजावे. अशा वेळी तुरटी टाकून माती लवकर बसवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तुरटी हेही एक क्षारच आहे.

मासेमारीची बंदी १ जूनपासून लागू झाली आहे. होड्या वर ओढून झाकल्या असल्यामुळे वाडीतील चार जण ३१ जुलैपर्यंत शाळेत येण्यास तयार झाले. रोजंदारी देण्याइतके भांडवल हाताशी नाही, म्हणून रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सर्वांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीत, जसे वाटे पडतात तसे हंगामाच्या शेवटी वाटे करायचे ठरले. शाळेचा एक वाटा, आप्पांचा एक आणि काम करणाऱ्या प्रत्येकाचा एक. जाळे विणणाऱ्या माणसाची बोटे मातीच्या कामाला लवकर रुळतात. गाळण्याचे जाळे ताणून बांधण्याची त्यांची पद्धत तर आमच्यापेक्षा कितीतरी चांगली निघाली.

१२ जून

उच्च न्यायालयाने ९ तारखेला प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलस्रोतात त्यांचे विसर्जन मात्र न्यायालयाच्या परवानगीशिवाय करता येणार नाही, असेही सांगितले. ही बातमी आल्यावर काही घरांनी मूर्ती बाहेरून आणण्याचा विचार बोलून दाखवला. त्यांच्याशी एवढेच बोललो, की आपल्याकडचे विसर्जन खाडीत, व्हाळात (ओढ्यात) किंवा समुद्रातच होते. बहुतेकांनी मूर्ती घडवण्यासाठी घरचा लाकडी पाट आमच्याकडेच देण्याचे कायम ठेवले.

२१ जून

साच्यांचे काम अडले आहे. प्लास्टरचे जुने साचे मातीतले पाणी शोषून घेतात आणि म्हणून माती सुटते. परंतु या हवेत साचेच ओले राहतात, त्यामुळे मुखवटा निघताना नाक साच्यातच राहते. साच्यात शंखजिऱ्याची पूड फिरवली तर एक-दोन मूर्तींपुरते काम भागते. रबराचा साचा पाणी शोषत नाही, त्यामुळे त्यात घातलेली माती मऊच राहते आणि बाहेर काढल्यावर पोट खाली बसते. शेवटी प्लास्टरच्या साच्यांचे दोन गट केले आणि एक गट वापरात असताना दुसरा चुलीच्या मागच्या भिंतीला लावून वाळवायचा असा क्रम ठरवला. कामाचा वेग निम्मा झाला, पण तुटफूट जवळजवळ थांबली.

दीड फुटापेक्षा उंच मूर्ती आप्पा साच्याविना हातानेच घडवतात. त्यांचा हात आता थोडा कापतो, तरी अंगठ्याच्या एका दाबात सोंडेचे वळण आणण्याची त्यांची हातोटी आमच्यापैकी कोणालाही साधलेली नाही. सोंड आधी वेगळी करून मग जोडायची नसते. कपाळाचीच माती खाली ओढत आणायची असते, म्हणजे सांधा राहत नाही आणि तडा जाण्यास जागा उरत नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

आमच्या भागात पुष्कळ घरे नागपंचमीला पाट देतात. यंदा ती २९ जुलैला आहे. त्या दिवशी पाट घेऊन कच्ची मूर्ती घडवली तर चतुर्थीपर्यंत ती या हवेत आतून सुकणार नाही, म्हणून यंदा पाट आधीच मागवले. ज्या घरांची रीत मोडायची नव्हती त्यांच्या मूर्ती फळीवर करून नंतर पाटावर बसवायच्या आहेत.

पाटांवर घडवलेल्या पहिल्या मूर्तींना आसनापासून वर जाणारे उभे तडे गेले. माती सुकताना आकसते आणि फणसाचा पाट ओलीने फुगतो. दोघांची ओढ विरुद्ध दिशेला झाली की आसन फाटते. आता पाटावर आधी वर्तमानपत्राचे दोन थर आणि त्यावर चाळलेली राख पसरून मगच मूर्ती बसवतो. खाली सरकायला जागा मिळाल्यामुळे आसन अखंड राहते. मातीत बारीक कातरलेला काथ्याही घालू लागलो आहोत. तो बोटाच्या पेराहून लांब नसावा, नाहीतर घोटताना धागे वर येतात.

१७ जुलै

स्थानिक मातीच्या काही मूर्तींच्या हातांवर तपकिरी डाग उमटले. आशीर्वादाच्या हातात आणि परशूच्या दांड्यात आधारासाठी लोखंडी तार घातली होती; खाऱ्या हवेत आणि ओल्या मातीत ती गंजली आणि गंज बाहेर आला. पांढऱ्या रंगाचा लेप दिल्यावरही तो डाग पुन्हा दिसतो, हे एका मूर्तीवर करून पाहिले. ते हात कापून, तार काढून, माडाच्या झावळीचे हीर घालून नव्याने केले. हीर वाकतो, मोडत नाही, गंजत नाही आणि विसर्जनानंतर कुजून जातो. जुन्या मेस्त्रींच्या मूर्तींत हीरच असायचे, असे आप्पांनी सांगितले. नव्या हातांचे सांधे टिकावेत म्हणून दोन्ही बाजूंना कंगव्याने ओरखडे काढून मधे पातळ माती लावली आणि त्यावर ओले फडके दोन दिवस गुंडाळून ठेवले. कोरड्या भागाला ओला भाग घाईने जोडल्यास तो निखळतोच.

२६ जुलै

सर्वांत जास्त वेळ सुकवण्यात गेला. पंखे लावले तेव्हा वाऱ्याच्या बाजूचा खांदा आधी सुकला आणि मान तिरकी ओढली गेली. मांगराच्या मधोमध करवंट्या आणि सोडणे, म्हणजे नारळाच्या वाळलेल्या साली, पेटवून ऊब केली, तेव्हा छताखाली धूर साचून वरच्या फळ्यांवरील मूर्तींवर काजळी बसली. वीज वारंवार जात असल्यामुळे केवळ दिव्यांवर विसंबणेही शक्य नव्हते. आता जी व्यवस्था चालू आहे ती अशी : मूर्ती पहिले चार दिवस प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून ठेवायची, कागद रोज थोडा वर करायचा, त्यानंतर धुमी न होणाऱ्या कोळशाच्या शेगड्या भिंतीकडेला ठेवायच्या आणि पंखा मूर्तीकडे न करता भिंतीकडे करायचा. पश्चिमेची खिडकी दिवसरात्र बंद असते. समुद्रावरून येणारा वारा अंगाला कोरडा वाटला तरी मातीला ओलच देतो. मूर्ती आतून सुकली की नाही हे पाहण्यासाठी आप्पा पोटावर बोटाच्या पेराने टकटक करतात. ओल्या मूर्तीचा आवाज बद्द येतो, सुकलेल्या मूर्तीचा खणखणीत.

यात नऊ मूर्ती गेल्या. त्यांची माती पुन्हा भिजत घातली आहे. कच्च्या मातीचे हे मोठेपण आहे की ती वाया जात नाही. गेले ते कोळशाचे पैसे आणि हातांचे श्रम.

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली. दर्याला नारळ अर्पण करून शाळेतले चौघेही मासेमारीला परतले, आणि ते आधीपासून ठरलेलेच होते. रंगकाम आता घरातल्या बायका आणि आजूबाजूची महाविद्यालयातील मुले यांच्याकडे आहे.

पांढऱ्या रंगाच्या हातासाठी, म्हणजे लेपासाठी, खडूची पूड सरसात कालवली होती. तिसऱ्या दिवशी डब्याला वास येऊ लागला आणि आधी रंगवलेल्या मूर्तींच्या पाठीवर हिरवट-काळ्या बुरशीचे ठिपके दिसले. सरस हा जनावरांच्या कातड्याहाडांपासून होतो आणि दमट हवेत नासतो. ठिपके कोरड्या कुंचल्याने झाडून, तो भाग शेगडीजवळ वाळवून, पुढचे सगळे काम बाभळीच्या डिंकावर केले. डिंकाच्या पाण्यात लवंगेच्या तेलाचे थोडे थेंब घालतो आणि रोज लागेल तेवढेच कालवतो. शाडूच्या करड्या मूर्तीला पांढऱ्याचा एक हात पुरतो, तांबूस मातीला दोन द्यावे लागतात. या दुसऱ्या हाताचा वेळ वेळापत्रकात धरलेला नव्हता, त्यामुळे रंगकाम आठवडाभर मागे पडले.

१८ ऑगस्ट

पावसाने पुन्हा जोर धरला आहे. पितांबरे आणि शेले भरून झाले. सोनेरी रंग सर्वांत शेवटी द्यायचा म्हणून थांबवला आहे.

डोळ्यांची आखणी आजपासून सुरू झाली. आखणीच्या आधी आप्पा प्रत्येक घराला विचारतात की गणपती किती उंचीवर बसतो, खाली चौरंग आहे की भिंतीतला ओटा. खाली बसून आरती करणाऱ्याच्या नजरेला नजर मिळावी म्हणून बुबुळ किती खाली घ्यायचे ते त्यावर ठरते. आधी पांढरे भरतात, मग गेरूची बारीक रेघ वरच्या पापणीखाली ओढतात, ती सुकली की काळे बुबुळ आणि अगदी अखेरीस पांढऱ्याचा एक ठिपका. कापणारा हात स्थिर राहावा म्हणून ते डाव्या हाताची मूठ मूर्तीच्या खांद्याशी टेकवतात, त्यावर उजवे मनगट ठेवतात आणि श्वास सोडून झाल्यावरच रेघ ओढतात. उजेड खिडकीतला लागतो. दिव्याखाली दोन डोळ्यांच्या पातळीत फरक पडतो. सकाळच्या तेवढ्या वेळात आठ-दहा मूर्तींहून अधिक होत नाहीत. काही मूर्तींचे डोळे त्यांनी मला आखायला दिले. "रेघ वडताना थांबा नको," एवढेच ते म्हणाले. थांबले की रेघेत गाठ येते, हे पहिल्याच मूर्तीवर दिसले.

२६ ऑगस्ट, हरतालिका

सकाळपासून मूर्ती जात आहेत. खाडीपलीकडे भोगवे बाजूच्या घरांच्या मूर्ती होडीने गेल्या. पाऊस होता, तरी मूर्ती आधी सुती कापडात आणि मग प्लास्टिकमध्ये गुंडाळल्यामुळे रंगाला ओल लागली नाही. प्लास्टिक थेट रंगावर आले तर आत घाम धरतो आणि सोनेरी उठून येतो; गेल्या वर्षी काही घरांतून ही तक्रार आली होती.

स्थानिक मातीच्या मूर्ती अखेरीस अठ्ठावन्न झाल्या. धुतलेल्या खारट मातीच्या मूर्ती कमी जोखमीच्या, म्हणजे दीड दिवसाच्या घरांना दिल्या आहेत आणि तसे त्यांना सांगूनही ठेवले आहे.

७ सप्टेंबर

अकरा दिवसांचे गणपतीही काल पोचवून झाले. धुतलेल्या मातीच्या मूर्तींपैकी दोघींच्या आसनावर हलका लोणा दिसला, रंग मात्र कोठे सुटला नाही. मळ्यातील मातीच्या मूर्तींबद्दल एकही तक्रार नाही. भाटीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी विसर्जनाच्या जागी जाऊन पाहिले, तेव्हा मूर्तींचा मागमूस नव्हता. थोडा काथ्या काठाला लागला होता, तो गोळा करून आणला.

हिशेब असा झाला. स्थानिक माती टेंपोभाडे, शेतमालकाचे पैसे आणि मजुरी धरून सुमारे नऊ हजारांना पडली. तेवढ्याच मूर्तींना शाडू अकरा-बारा हजारांचा लागला असता. परंतु कोळशाचे चार हजार आणि वाढलेले वीजबिल या दोन खर्चांनी ही बचत खाऊन टाकली. मजुरीचा वेळ तर दीडपट लागला. वाट्याला आलेली रक्कम चौघांनी कुरकुर न करता घेतली, तरी पुढच्या वर्षी मळणीच्या कामासाठी काही आगाऊ रक्कम देणे आवश्यक आहे.

१५ नोव्हेंबर

भातकापणी झाल्यावर मळ्यातील माती काढली. मे महिन्याची वाट पाहायची नाही, एवढे या वर्षाने पक्के केले. जमीन आता ओलसर आहे आणि कुदळ सहज लागते. माती खळ्यात पसरून उन्हात वाळवणे, कुटणे आणि चाळणे डिसेंबरपर्यंत आटोपेल. मग ती गोण्यांत भरून, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवायची आहे. प्रत्येक खड्ड्यातील मातीची एक वडी वाळवून तिच्यावर खड्ड्याची खूण घातली आहे. दोन खड्ड्यांच्या वड्या स्वच्छ आहेत. खालच्या बांधालगतच्या तिसऱ्या खड्ड्याच्या वडीच्या कडेला आज सकाळी पांढरी रेघ दिसली, म्हणून तिथली माती परत लोटून खड्डा बुजवला.